बराकीच्या अर्ध्या भिंती

किस्से जमवावे लागतात असं ज्यांना वाटतं, ते कधी बराकीत राहिलेले नसतात. आमच्याकडे ते आपोआप साचतात, पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे. कारण साधं आहे. आमच्या भिंती सात फुटांवर संपतात आणि छत अठरा फुटांवर आहे. मधल्या अकरा फुटांत जे बोललं जातं ते सगळ्यांचं.

जबलपूरची ही बराक गोऱ्या पलटणीसाठी बांधलेली. एक लांबच लांब हॉल, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्यात उघडणारी बारा दारं. पलटण गेली, शेजारच्या लष्करी फॅक्टरीत माणसं वाढली, तेव्हा हा हॉल कामगारांना मिळाला. त्यांनी मालाच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या ठोकून त्याच्या आठ खोल्या केल्या. कोणाच्या वाट्याला एक दार आलं, कोणाच्या दोन. शेवटची, आठ नंबरची खोली आमची. म्हणजे माझ्या दादाची, मधूची.

दादा फॅक्टरीत लेथवर टर्नर होता. यंदाच्या माघात गेला. आई-बाप मला आठवत नाहीत, मला त्यानेच वाढवलं. मी सातवीतून शाळा सोडली आणि चेरीतालला सायकलच्या दुकानात लागलो. लिहायची सवय नाही. पण दादाबद्दल बोलायला गेलो की वाक्य पुरं होत नाही, लिहिताना होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खोली नोकरीची असते, माणसाची नाही. दादा गेला म्हणजे तीन महिन्यांत खोली रिकामी करायची. वहिनीने दादाच्या जागी काम मिळावं म्हणून अर्ज केला आहे. त्याचं उत्तर येईपर्यंत तिने आणि तीन वर्षांच्या पोरीने, मनीने, राहायचं कुठं, हा आमच्या घरातला एकच प्रश्न होता. तिचे भाऊ पाटनला आहेत, नाही म्हणणार नाहीत. पण एकदा तिकडे गेल्यावर इथल्या अर्जामागे कोण धावणार?

आता किस्से.

*

पहिला वहिनीचाच. लग्न होऊन आली तेव्हा अर्ध्या भिंतीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर विसरलोच होतो, दादाला सांगायला लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकाला बसली. दादा दाढी करत होता. नवी नवरी, त्यामुळे तिने अगदी कानात सांगावं तसं विचारलं, "मीठ कुठं आहे?"

तीन नंबरमधून कुंभारेकाकूंचा आवाज आला, "फळीवर. डाव्या हाताला. आणि कमी टाक, मधू खारट खात नाही."

वहिनी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. हातवारे करायची. तिसऱ्या दिवशी तिला शिंक आली, आणि एक नंबरपासून सात नंबरपर्यंत ओळीने सगळ्यांनी विचारलं, सर्दी झाली काय म्हणून. तेव्हा ती हसली. दादा नंतर म्हणायचा, माझं लग्न त्या शिंकेला लागलं.

*

बराकीचा इतिहास एक नंबरच्या देशकरकाकांकडे आहे. काका फिटर, रिटायरीला आलेले. त्यांचे वडील याच बराकीत गोऱ्या पलटणीच्या स्वयंपाकघरात कामाला होते. म्हणजे काका ज्या हॉलमध्ये झोपतात, त्याच हॉलमध्ये त्यांचे वडील चहाच्या बादल्या घेऊन फिरत.

त्या काळी एक पलटण आली ती आयर्लंडची. काकांच्या वडिलांना गोरा म्हणजे अंग्रेज. त्यांनी एका शिपायाला चहा देताना साधं म्हटलं, "अंग्रेज साहब, चाय." तर त्या शिपायाने बूट फेकून मारला.

नंतर त्यालाच वाईट वाटलं असावं. बूट घ्यायला आला आणि मोडक्या हिंदीत समजावू लागला, की हम अंग्रेज नहीं. अंग्रेज ने हमारा मुलुख भी ले लिया है, जैसा तुम्हारा.

काकांचे वडील विचारात पडले. म्हणाले, "तर मग साहेब, तुम्ही त्यांची बंदूक घेऊन इथे काय करून राहिले?"

शिपायाने हातातला बूट पायात चढवला. मग म्हणाला, "नौकरी. और तुम?"

"नौकरी."

काका सांगतात, त्या दिवसापासून तो शिपाई वडिलांना रोज एक सिगारेट द्यायचा. वडील ओढत नसत. नेऊन बायकोला दाखवायचे आणि ठेवून द्यायचे.

*

त्या गोऱ्या शिपायांपैकीच कोणीतरी आमच्या खोलीतल्या पक्क्या भिंतीवर चाकूने एक घर कोरलंय. दोन खिडक्या, धुराडं, दारापुढे एक वाट, आणि वाटेवर कुत्रं की गाढव ते कळत नाही असं काहीतरी. खाली नाव नाही.

दर दिवाळीला दादा खोलीला चुना मारायचा, पण तेवढी जागा सोडून. मी एकदा घाईत ब्रश ओढला आणि अर्धं धुराडं गेलं. दादाने ओल्या फडक्याने हळूहळू पुसून ते परत काढलं. जेवण राहिलं त्याचं.

कुंभारेकाकू पलीकडून म्हणाल्या, "काहून रे मधू, एवढा जीव लावून राहिला? गोऱ्याचं तर आहे."

दादा म्हणाला, "त्याचं घर आहे काकू. आपण राहायला नंतर आलो."

*

कुंभारेकाकूंच्या भिंतीला बंदुका उभ्या करायची लाकडी घोडी अजून आहे. बारा खाचा, प्रत्येक खाचेवर पलटणीच्या वेळचा पितळी नंबर, सदतीस ते अठ्ठेचाळीस. काकूंनी त्यात लाटणं, उलथनं, झाडू, छत्री, काकांची काठी असं सगळं नंबराने लावलेलं. घरात हाकसुद्धा नंबरानेच. "बेचाळीस आण गं," म्हटलं की पोरगी झारा आणते.

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा ब्लॅकआउट तपासायला एक साहेब आले. फॅक्टरीची वस्ती म्हणून कडक तपासणी. खिडक्यांना काळा कागद आहे का, वाळूच्या बादल्या आहेत का, सगळं वहीत लिहीत होते. काकूंच्या दारात थांबले, घोडी पाहिली आणि विचारलं, हे काय.

काकू म्हणाल्या, "हत्यारं साहेब. एक पंचेचाळीस नंबर कमी आहे, आमच्या ह्यांच्या पाठीवर तुटलं."

कुंभारेकाका आतच बसले होते. म्हणाले, "लिहून घ्या साहेब."

*

लढाई लागली तसा फॅक्टरीचा भोंगा बंद झाला. वाजला तर तो हल्ल्याचाच समजायचा, असं ठरलं. पण आमची सगळी बराक भोंग्यावर उठणारी. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या सुरू झाल्या होत्या, माणसं थकून मेल्यासारखी झोपायची. मग दादाने ठोका काढला. ज्याला आधी जाग येईल त्याने शेजारच्या फळीवर तीनदा ठोकायचं, शेजाऱ्याने पुढच्या फळीवर. आठ नंबरचा ठोका एक नंबरला पोचायला अर्धं मिनिट लागायचं. एकाही माणसाला कधी उशीर झाला नाही.

एकदा मी दुपारी दुकानातून जेवायला आलो. वहिनीला कंदील टांगायला खिळा पाहिजे होता, सकाळपासून सांगत होती. मी हातोडी घेतली आणि फळीवर खिळा ठोकला. तीन ठोक्यांत आत गेला. मला फार बरं वाटलं.

रात्रपाळीची सगळी माणसं तेव्हा झोपली होती. दादाही. पण त्याच्या आधी सात नंबरवाला उठला आणि त्याने पुढे ठोकलं. पाच मिनिटांत अकरा माणसं खाकी चढवून, डबे घेऊन सायकलींवर बसली. दादा तोंड न धुताच गेला. भर दुपारचं लख्ख ऊन, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये!

गेटवरच्या शिपायाने हसून हसून भिंत धरली म्हणतात. "अरे भैया लोग, ऊपर तो देख लेते."

पाच नंबरचे पांडेजी त्यात होते. ते घाम पुसत म्हणाले, "हम नीचे देखकर काम करने वाले आदमी हैं."

घरी आल्यावर दादा मला मारेल असं वाटलं. मारणं बरोबरही होतं. तो खिळ्याकडे बघत राहिला, मग हलवून पाहिला आणि म्हणाला, "पक्का बसला." आणि झोपला.

असा होता. मला कधी हात लावला नाही त्याने. आता वाटतं, एखादी द्यायला पाहिजे होती. आठवणीला तरी राहिली असती.

*

लढाई संपली, खिडक्यांवरचा काळा कागद निघाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाचे डोळे पिवळे दिसू लागले. वहिनी म्हणत होती रजा घे. तो म्हणे, साचलेलं काम उरकलं की घेतो. घेतली तेव्हा कावीळ पार मुरली होती.

डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलं. उसाचा रस, मुळ्याचा पाला, पेज. दादा तर फोडणीचा माणूस. वरणावर लसणाची फोडणी नसली तर त्याला जेवल्यासारखं वाटत नसे. आता मला सांगा, सात फुटांवर संपणाऱ्या भिंतीला फोडणीचा वास काय अडणार?

दोन-तीन दिवस माझ्या ध्यानातच आलं नाही. मग एकदा दुकानातून लवकर आलो, संध्याकाळची वेळ, सगळ्या चुली पेटलेल्या, आणि बराकीत कसलाच वास नाही. मी कुंभारेकाकूंकडे डोकावलो. उकडलेला कोबी. पांडेजींकडे गेलो. उकडलेला बटाटा, नुसतं मीठ. देशकरकाका पेजेत पोळी बुडवून खात होते.

मी विचारलं, काय झालं सगळ्यांना? काकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि आठ नंबरकडे मान केली.

सात घरं. पोराबाळांसकट. सोळा दिवस.

दहाव्या की अकराव्या दिवशी पांडेजींचा साला गावाहून आला. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने कढईत तेल टाकलं, जिरं टाकलं, तो वास वर चढला आणि सगळ्या बराकीवर पसरला. पांडेजींनी तापलेली कढई हातात उचलून अंगणात पळ काढला, त्यांच्या तळहाताला फोड आले.

इकडे दादा उशीवरून थोडा उठला. श्वास ओढला आणि म्हणाला, "अच्छा. म्हणजे नाक चालू आहे माझं. मला वाटलं तेही गेलं."

मग भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "पांडेजी, कल से सब लोग ठीक से खाओ. हमको सुनाई देता है, कोई खा नहीं रहा."

कोणी ऐकलं नाही. पांडेजी पलीकडून म्हणाले, "आप पहले."

सोळाव्या दिवशी सकाळी दादा गेला.

तेराव्यानंतरही कोणी फोडणी दिली नाही. पहिली कोणी द्यायची, हा प्रश्न होता. शेवटी वहिनीनेच दिली. लसूण ठेचला, चांगला लाल होऊ दिला आणि वरणावर ओतला. चर्र आवाज झाला. वहिनी मोठ्याने म्हणाली, "काकू, झालं हं. आता तुम्ही पण करा."

त्या वेळी मी बाहेर व्हरांड्यात होतो. सायकल उलटी करून उगीच चाक फिरवत होतो.

*

आता शेवटचा.

तीन महिने भरत आले आणि क्वार्टरच्या ऑफिसातून कागद आला. आठ नंबर खाली करा. वहिनी म्हणाली, आपण नीट अर्ज लिहू, अजून दोन महिने मागू. देशकरकाका लिहून देणार होते. पण मी थांबलो नाही. कागद घेतला, सायकल काढली आणि ऑफिसात गेलो.

तिथले बाबू वयस्कर होते, चष्मा कपाळावर. मी टेबलावर हात आपटला. दादाने किती ड्यूट्या केल्या ते सांगितलं, आजारी असून केल्या तेही सांगितलं, आणखीही बरंच बोललो जे इथं लिहीत नाही. बाबू ऐकत होते. शेवटी मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला.

बाबूंनी चष्मा खाली केला. म्हणाले, "कागज की नकल हमारे पास है, बेटा. सोमवार को मैं खुद आऊँगा. ताला लेकर."

घरी येऊन मी सांगितलं. म्हणजे सगळ्या बराकीलाच सांगितलं, भिंती तशाच आहेत. मला वाटलं वहिनी चिडेल. ती ट्रंक उघडून मनीचे कपडे घड्या घालून ठेवू लागली. दादाची खाकी पँट हातात आली, ती कुठं ठेवावी हे तिला कळेना. मी मेल्याहून मेल्यासारखा उभा.

तेव्हा एक नंबरमधून देशकरकाकांनी विचारलं, "वसंता, ह्या बाबूने बराक आतून कधी पाहिली आहे काय?"

मी म्हटलं, नसावी. ते पहिल्यांदाच खुद्द येणार आहेत.

"त्यांच्याकडे नकाशा असेल?"

"मला काय माहीत?"

"असला तर गोऱ्यांच्या वेळचा असेल," काका म्हणाले. "त्यात एकच हॉल आहे. माझ्या बापाने झाडलाय."

दुसरा दिवस रविवार. सगळे घरी. सकाळी नाश्ता झाल्यावर काकांनी खडू आणि पोलादी पट्टी घेतली आणि हॉलच्या एका टोकापासून जमिनीवर खुणा करत निघाले. मागोमाग पांडेजी पाना आणि हातोडी घेऊन. फिटर, टर्नर, वेल्डर असली माणसं, त्यांना फळ्या उपटायला आणि परत ठोकायला किती वेळ लागणार? कुंभारेकाकूंची घोडी तेवढी भिंतीतून निघेना, तर फळी तिच्याभोवती कापून बसवली. दुपारी चारपर्यंत बराकीत आठाच्या सात खोल्या झाल्या होत्या. प्रत्येकीला दीडेक फूट जास्त मिळालं. सात नंबरवाला म्हणाला, एवढं ऐसपैस पहिल्यांदा वाटून राहिलं.

वहिनीची चूल पांडेजींकडे गेली, ट्रंक देशकरकाकांकडे, वहिनी आणि मनी कुंभारेकाकूंकडे. माझी खाट व्हरांड्यात. मला एकच काम दिलं होतं, दारावरची आठ नंबरची पत्र्याची पाटी कुठंतरी ठेवून दे.

सोमवारी बाबू आले. खांद्याला पिशवी, पिशवीत कुलूप. एका टोकाकडून खोल्या मोजत निघाले, प्रत्येकीत डोकावून. एक, दोन, तीन. सातनंतर पक्की भिंत आली. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. परत मागे गेले आणि उलटीकडून मोजलं. सात.

"रजिस्टर में आठ है," ते म्हणाले.

देशकरकाका हात जोडून म्हणाले, "रजिस्टर बाद में बना है साहब. गोरों के टाइम तो एक ही थी."

बाबूंनी चष्मा पुसला. मग वहिनीकडे पाहिलं. ती मनीला कडेवर घेऊन उभी होती. त्यांनी विचारलं, ती कुठल्या खोलीत राहते.

आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला. वहिनीला खोटं बोलता येत नाही, हे अर्ध्या भिंतीमुळे सगळ्यांना माहीत. तिने मनीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "सब में."

बाबूंनी तेवढंच ऐकलं. पांडेजींनी घाईघाईने त्यांना आपल्या खोलीत खुर्ची दिली, हातपंख्याने वारा घालू लागले, चहा ठेवायला सांगितलं. खुर्ची चुलीजवळच होती. चुलीशेजारी दुधाचं पातेलं, झाकलेलं.

मी पाटी कुठं ठेवली होती ते मला त्याच क्षणी आठवलं. मांजर दूध पिऊन जायचं, म्हणून मी ती पातेल्यावर ठेवली होती. पांढरा मोठा आठचा आकडा, वरच्या बाजूला.

बाबू त्या पाटीकडे बघत होते. पांडेजींचा पंखा थांबला. कुंभारेकाकूंनी डोळे मिटून घेतले. वहिनीने मनीला खाली ठेवलं आणि पदर सारखा केला, निघायचं असल्यासारखा.

बाबूंनी हात पुढे केला. पाटी उचलली, आकडा खाली जाईल अशी उलटी केली आणि पातेल्यावर परत नीट बसवली. मग रजिस्टर गुडघ्यावर घेऊन काहीतरी लिहिलं, सही केली, पिशवी कुलपासकट खांद्याला अडकवली. चहाला थांबले नाहीत.

दारात मी उभा होतो. त्यांनी मला ओळखलं.

"दूध ढककर रखते हो," ते म्हणाले, "अच्छा करते हो. बिल्लियाँ बहुत हैं इधर."